विहिरीतले घागरू
(सचेतन चित्रकथेसाठी पात्र व परिसर यांची योजना : इयत्ता पाचवी ते सातवी)

प्राथमिक शाळेतील मुलांना अद्भुत कथेचे किती वेड असते, हे शिक्षकांना सांगावयास नको. पूर्वी मूल आजीच्या तोंडून राक्षसाची गोष्ट ऐकत असे. आज ते मोबाईलच्या पडद्यावर हलत्याबोलत्या चित्रांची गोष्ट पाहते. मात्र या बदलातून एक नवी सोय झाली आहे. ज्या यंत्रावर मूल चित्रकथा पाहते, त्याच यंत्राने ती तयारही करता येते. कागदी आकृती किंचित सरकवावयाची, एक छायाचित्र घ्यावयाचे, पुन्हा सरकवावयाची, पुन्हा छायाचित्र घ्यावयाचे आणि ती सारी छायाचित्रे एकामागून एक भराभर दाखवावयाची, एवढेच या कलेचे मूळ आहे. तिला ॲनिमेशन म्हणतात. मराठीत सचेतन चित्र असे म्हणता येईल.

पुष्कळ शाळांत हा उपक्रम मोठ्या उत्साहाने सुरू होतो व चार दिवसांत थंडावतो. दोष यंत्राचा नसतो. पात्र कसे असावे व ते कोणत्या जागी वावरावे याचा विचार होण्यापूर्वीच छायाचित्रे घेण्यास आरंभ झालेला असतो. म्हणून प्रस्तुत पाठात छायाचित्रणाविषयी थोडे, व पात्र आणि परिसर यांच्या योजनेविषयी विस्ताराने लिहिले आहे.

ही कला महाराष्ट्राला परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ साली लोकांपुढे आणला. परंतु त्यापूर्वी, भांडवल देणाराचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर रोवला आणि महिन्याहून अधिक काळ थोड्याथोड्या अंतराने त्या रोपाची चित्रे घेतली. पडद्यावर पाहणाराला दाण्यातून अंकुर, अंकुरातून वेल असा सारा प्रवास एका मिनिटाच्या आसपास दिसला. वाटाणा हलविणारा हात तेथे नव्हता, निसर्गच त्याला हलवीत होता. परंतु एकेक चित्र घेण्याची रीत तीच होती.

आता हिशेब पाहावा. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांपुढून सरकतात. सचेतन चित्रांत बहुधा प्रत्येक चित्र दोनदा दाखवून १२ चित्रांवर भागवितात. शाळेच्या कामास ८ चित्रे पुरतात. हालचाल थोडी तुटक दिसते, पण मुलांना ती खटकत नाही. तरीही एका मिनिटाच्या चित्रकथेस ४८० छायाचित्रे लागतातच. याचा अर्थ असा की, जे पात्र योजावयाचे ते ४८० वेळा हलवावे लागणार. ज्याच्या अंगावर बारा अलंकार, सहा हात व पिसांचा टोप आहे, असे पात्र तिसऱ्या दिवशी फाटते आणि चौथ्या दिवशी मुले कंटाळतात. साधेपणा ही येथे आवडीची बाब नाही, निर्वाहाची आहे.

पहिली अडचण : उसने पात्र

कोरडवाहू भागातील एका सातवीपर्यंतच्या शाळेत पाचवी व सहावीचे वर्ग एकत्र बसत. तेथील शिक्षकांनी मुलांना एकदा सांगितले, "आपण एक अद्भुत चित्रकथा तयार करू. पात्र कोणते हवे ते प्रत्येकाने काढून आणा." दुसऱ्या दिवशी एकतीस चित्रे आली. त्यांपैकी बहुतेकांत पाठीवर उडते वस्त्र लावलेला, तोंडावर मुखवटा घातलेला, पिळदार दंडांचा वीर होता व त्याच्यामागे उंच उंच इमारती होत्या. त्या गावात माडीचे घर एकच होते.

चित्रे वाईट नव्हती. काहींचा हात तर चांगला बसलेला होता. शिक्षकांनी ती नाकारली नाहीत, मुलांना रागेही भरले नाहीत. त्यांनी फळ्यावर एक चित्र लावले आणि विचारले, "हा राहतो कोठे? उन्हाळ्यात पाणी कोठून पितो? त्याला भीती कशाची वाटते?" वर्ग गप्प झाला. मुलांना त्या वीराचे उड्डाण ठाऊक होते, पण त्याच्याविषयी दुसरे काहीच ठाऊक नव्हते. कारण त्याला मुलांनी पाहिले होते, घडविले नव्हते.

येथेच शिक्षकाचे खरे काम सुरू होते. मूल पडद्यावरचे पात्र उतरवून काढते यात नवल नाही. अनुकरण ही शिकण्याची पहिली पायरी आहे. परंतु सतत उसन्या पात्रांच्या संगतीत राहून मुलाची अशी समजूत होऊन बसते की, गोष्ट घडते ती दूर कोठेतरी. आपल्या गावात, आपल्या पाणवठ्यावर ती घडण्यासारखी नाही. ही समजूत चित्रकलेपुरती राहत नाही. निबंधात, भाषणात, प्रश्नाचे उत्तर देतानाही ते मूल स्वतःचे पाहिलेले बाजूला ठेवते आणि पुस्तकातले वाक्य पुढे करते.

तेव्हा त्या शिक्षकांनी प्रश्न उलटा केला. "आपल्या गावात अशी कोणती जागा आहे की, जेथे एखादे अद्भुत लेकरू लपून राहू शकेल आणि आपल्याला दिसणार नाही?" उत्तरे लगेच येऊ लागली. कडब्याची गंज, पडका वाडा, पिठाच्या गिरणीमागची खोली, चिंचेची ढोली. शेवटच्या रांगेत बसणारी एक मुलगी म्हणाली, "विहिरीतला कोनाडा." ही मुलगी शाळेला वारंवार उशिरा येई, सकाळी आईबरोबर पाण्याला जावे लागे म्हणून. वर्गात ती क्वचितच बोलत असे. पण त्या विहिरीत दगडी पायऱ्या किती, कोनाडा कोणत्या हाताला, त्यात पारवे केव्हा बसतात, कठड्याच्या दगडाला दोर घासून किती खाचा पडल्या आहेत, हे सर्व तिला पाठ होते. गोष्टीची जागा ठरली ती अशी. पात्र नंतर सापडले.

पात्राची योजना

विहिरीत राहणारे लेकरू कसे असेल, यावर दोन तासिका चर्चा झाली. त्याचे पोट घागरीसारखे असावे, कारण ते पाणी साठविते. पाय बेडकासारखे असावेत, कारण त्याला शेवाळावरून जावे लागते. वासरू, कोकरू या शब्दांच्या चालीवर मुलांनीच त्याला 'घागरू' हे नाव दिले. पहिल्या चित्रात घागरूला पंख होते, मुकुट होता, हातात तलवारही होती. शिक्षकांनी प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारला, "गोष्टीत हिचा उपयोग केव्हा होतो?" तलवारीचा उपयोग सांगता येईना, ती गेली. पंख असतील तर पाणी आटल्यावर ते उडूनच जाईल, मग गोष्ट उरतेच कोठे, असे एका मुलाने दाखवून दिले, पंख गेले. मुकुटासाठी काहींनी हट्ट धरला होता, पण घागरीचा काठ हाच मुकुट दिसतो, असे ध्यानात आल्यावर तोही गेला.

अद्भुत पात्रालाही नियम असावा लागतो. घागरूचा नियम मुलांनी असा ठरविला : ते जेवढे पाणी पिईल तेवढे फुगते, ओतले की बारीक होते, याहून दुसरी कोणतीही जादू त्याला येत नाही. नियम ठरताच काम सोपे झाले. पोटाचे तीन तुकडे कापून ठेवले, रिकामे, अर्धे व भरलेले. प्रसंग पाहून तुकडा बदलावयाचा. मुलांना जादू वाढवीत नेण्याची सवय असते. अडचण आली की पात्राला नवी शक्ती देऊन ती मोकळी होतात. ही पळवाट शिक्षकाने बंद करावी. अडचणीतून पात्र आपल्या एकाच गुणाच्या बळावर कसे सुटेल हे शोधू द्यावे. त्यात विचाराला जो व्यायाम घडतो तो दहा जादूंनी घडत नाही.

पात्र ठरले की त्याची छाया पाहावी. ही कसोटी फार उपयोगी आहे व तिला काही खर्च नाही. आकृती काळ्या कागदातून कापावी, आतील डोळे, तोंड, रंग काहीही दाखवू नये, खिडकीच्या उजेडासमोर धरावी व वर्गाला विचारावे, "हे कोण?" नुसत्या बाह्यरेषेवरून पात्र ओळखता आले तर योजना साधली. न आले तर डोळे रंगवून ते साधणार नाही.

केवळ छायेवर संपूर्ण चित्रपट उभा करणारी कलावती म्हणून जर्मनीच्या लोटे रायनिगर यांचे नाव घ्यावे लागते. १९२३ ते १९२६ या काळात मोजक्या सहकाऱ्यांसह त्यांनी अरबी सुरस कथांवर आधारलेला 'राजपुत्र आख्मेद' याच्या साहसांचा चित्रपट तयार केला. काळा पुठ्ठा व शिशाचा पातळ पत्रा कात्रीने कापून त्या आकृती बनवीत, सांधे तारेने जोडीत, खालून उजेड दिलेल्या काचेवर त्या ठेवीत आणि वरच्या कॅमेऱ्याने एकेक चित्र घेत. त्या आकृतींना चेहऱ्यावरचे भाव नाहीत. राग, कपट, लाज, सारे मानेच्या कलातून व बोटांच्या टोकांतून दाखवावे लागले. दुष्ट जादूगाराचा हाडकुळा, वाकडा आकार आणि राजपुत्राचा सरळ, डौलदार आकार यांत प्रेक्षकाची कधीच गल्लत होत नाही.

इतक्या दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजातील कलावंतांनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या छायाबाहुल्या यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या राखली आहे. या कार्यासाठी तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पडद्यावर पडणाऱ्या छायेवरून राम कोणता व रावण कोणता हे खेड्यातील लहान मूलही सांगते, कारण पिढ्यांच्या अनुभवाने त्या आकृतींची बाह्यरेषा पक्की झालेली आहे. ज्या शाळांना शक्य असेल त्यांनी सहलीत पिंगुळीचा समावेश करावा.

वर उल्लेखिलेल्या शाळेत छायेच्या कसोटीत एक मोठी चूक उघडकीस आली. घागरू पाय दुमडून कठड्यावर बसले की ते नुसत्या घागरीसारखे दिसे. खरी घागर व घागरू शेजारी ठेवले तर वर्गाला ओळखता येईना. पात्राचा आकार बदलावा असे शिक्षकांच्या मनात आले होते. तेवढ्यात मागच्या रांगेतील तीच मुलगी म्हणाली, "मग कोणीतरी घागर समजून त्याला घरी नेईल की!" वर्ग क्षणभर थांबला आणि मग एकच गलका झाला. गोष्टीचा मुख्य प्रसंग हाती आला होता. "पण मग पाहणाराला कसे कळणार?" असे शिक्षकांनी विचारले. पाणवठ्यावर प्रत्येकीला आपली घागर पोच्यावरून ओळखू येते, असे तिचे उत्तर होते. म्हणून गोष्टीतील मुलीच्या घागरीच्या डाव्या कुशीला पोचा दाखविला. घागरूचे पोट मात्र गुळगुळीत ठेविले. पोचा बाह्यरेषेतच दिसत असल्याने प्रेक्षकाला फसगत कळते, गोष्टीतील मुलीला घाईत कळत नाही. आकृतीतील दोष असा गोष्टीच्या उपयोगी पडला. पाठाच्या टिपणात असे काही आधी लिहून ठेवता येत नाही. शिक्षकाने अशा वेळी आपले टिपण मिटून ठेवावे हेच उत्तम.

मानवी पात्रांसाठी प्रमाणाचे थोडे ज्ञान द्यावे. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सात ते साडेसातपट असते, पाच-सहा वर्षांच्या मुलाची सुमारे साडेपाचपट, तान्ह्या मुलाची चौपट. मुले सर्वांना एकाच मापाची डोकी काढतात, त्यामुळे लहान मूल आखूड झालेला मोठा माणूस वाटतो. हे प्रमाण वर्गातच दोरीने मोजवून घ्यावे. अद्भुत पात्रात ते बुद्ध्या मोडता येते. डोके मोठे व अंग लहान केले की पात्र बालिश व प्रेमळ वाटते. डोके लहान व खांदे अवाढव्य केले की दांडगे वाटते. पण मोडावयाचे ते जाणून मोडावे.

त्यानंतर पात्राचा एक तक्ता करून भिंतीवर लावावा. त्यात पात्र समोरून, बाजूने व पाठीमागून काढलेले असावे आणि शेजारी इतर पात्रे एकाच जमिनीवर उभी करून दाखवावीत. काम पाच-सहा मुलांच्या हातून होणार असल्यामुळे हा तक्ता नसेल तर सोमवारचे घागरू व गुरुवारचे घागरू वेगवेगळे होते.

परिसराची योजना

परिसर म्हणजे पात्रामागे टांगलेला पडदा नव्हे. पात्र काय करू शकते आणि काय करू शकत नाही हे परिसर ठरवितो. विहिरीला पायऱ्या नसत्या तर घागरू वर आलेच नसते. पाणी आटले नसते तर त्याला वर यावे लागले नसते.

या बाबतीत जपानचे हायाओ मियाझाकी यांचा 'माझा शेजारी तोतोरो' हा १९८८ सालचा सचेतन चित्रपट शिक्षकांनी स्वतः एकदा अवश्य पाहावा. आई रुग्णालयात असलेल्या सात्सुकी व मेई या दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यातील जुन्या घरी राहावयास येतात. शेजारच्या टेकडीवरील प्रचंड कापूरवृक्षात तोतोरो नावाचा केसाळ, अजस्र वनचर राहतो. तो मुलांना दिसतो, मोठ्यांना दिसत नाही. अद्भुत असे थोडेच. परिसर मात्र खरा आहे : भातखाचरे, पाण्याचा हातपंप, पावसात चिखललेला रस्ता, कंदिलासारख्या मंद दिव्याखालील बसथांबा. टोकियोजवळच्या तोकोरोझावा भागातील सायामा टेकड्यांच्या परिसरावरून ही स्थळे सुचली. मियाझाकी त्याच भागात राहत. पार्श्वचित्रांचे कलादिग्दर्शन काझुओ ओगा यांनी केले. तेथील गवत, झाडे, ओली माती इतकी ओळखीची वाटते की, तोतोरोवर अविश्वास ठेवावा असे प्रेक्षकाच्या मनातच येत नाही. पुढे १९९० साली त्या टेकड्यांवरील राने लोकवर्गणीतून विकत घेऊन राखण्याची एक चळवळ सुरू झाली व तिने तोतोरोचेच नाव घेतले. चित्रातील रानासाठी खरे रान वाचविले गेल्याची उदाहरणे फारशी नाहीत.

यावरून वर्गासाठी एक सोपा दंडक निघतो. जागेत अद्भुत एकच असावे, उरलेले सर्व पाहिलेले असावे.

पाहण्यासाठी परिसरफेरी काढावी. फेरीपूर्वी मुलांना सांगावे की, जागेत झिजलेले काय आहे, डागाळलेले काय आहे व कोपऱ्यात काय उगवले आहे, ते टिपून आणा. नुसते "निरीक्षण करा" म्हटल्याने मुले झाड, विहीर, देऊळ एवढेच लिहितात. झिजेचा शोध घ्यावयास सांगितले की कठड्यावरील दोराच्या खाचा दिसतात, पायरीचा मधला भाग खोलगट झालेला दिसतो, मागील वर्षांच्या पाण्याच्या रेघा दगडावर दिसतात. जागा जुनी आहे हे मग शब्दांत सांगावे लागत नाही. त्या शाळेतील मुलांनी मे महिन्याआधीच्या फेरीत विहिरीच्या एकूण तेवीस पायऱ्या व वरून एकोणिसाव्या पायरीखाली पाणी, अशी नोंद केली. मोजणीसाठी गावातील एक वडीलधारे गृहस्थ खाली उतरले होते. मुलांना कठड्याबाहेर बसविले होते. हा नियम कोणत्याही सबबीवर सैल करू नये.

विहीर काढावयास घेतल्यावर मुलांनी जमिनीवर एक वर्तुळ काढले. वरून ती तशीच दिसते. पण गोष्ट विहिरीच्या आत घडणार होती. शिक्षकांनी एक लिंबू उभे चिरून दाखविले आणि विहीर अशी उभी चिरली तर काय दिसेल, असे विचारले. तेव्हा कठडा, पायऱ्यांची उतरंड, कोनाडा, पाण्याची रेघ असे छेदचित्र तयार झाले. भूमितीत जी कल्पना पुढे कठीण वाटते ती येथे आपसूक आली.

माप आधी ठरवावे. पायरी सुमारे एक वीत उंच होती. तिलाच माप धरून गोष्टीतील मुलगी साडेपाच पायऱ्या व घागरू दोन पायऱ्या उंच, असे ठरले. चित्रात पायरी ३ सेंटिमीटर घेतल्यास मुलगी साडेसोळा व घागरू ६ सेंटिमीटर होते. गुणोत्तराचा पाठ पुस्तकातून वेगळा शिकविण्याची मग गरज राहिली नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या आठवड्यात तो लवकर कळला.

देखावा तीन थरांत करावा. जवळचा, मधला व दूरचा. एसटीच्या खिडकीतून पाहताना रस्त्याकडेची झाडे झपाट्याने मागे पळतात, शेते सावकाश सरकतात आणि डोंगर जवळजवळ जागीच राहतो, हे प्रत्येक मुलाने अनुभविलेले असते. तीच युक्ती येथे वापरावी : जवळचा थर अधिक सरकवावा, मधला थोडा, दूरचा मुळीच नाही. सपाट कागदाला खोली येते. दूरचे रंग फिकट ठेवावेत, कारण हवेतील धूळ व बाष्प यांमुळे दूरचे सारे फिकटच दिसते. एकंदर रंग पाचांहून अधिक नसावेत, आणि मुख्य पात्राचा रंग देखाव्यात अन्यत्र येऊ देऊ नये. काळपट हिरव्या विहिरीत तांबूस घागरू सहज उठून दिसले.

साहित्य व काही सूचना

आकृतींसाठी जुन्या लग्नपत्रिका व वह्यांचे पुठ्ठे उत्तम. सांध्याच्या जागी दोन्ही तुकडे गोल कापून एकमेकांवर चढवावेत, दाभणाने भोक पाडून दोन्हीकडे दोऱ्याची गाठ मारावी. मोबाईल दोन बाकांच्या मधल्या फळीवर, भिंग खाली येईल असा, घट्ट बांधावा. तो हलला तर सारा देखावा थरथरतो. उन्हाच्या उजेडात काम करू नये. ढग आला की चित्र काळवंडते. खिडक्या लावून दोन्ही बाजूंस एकेक दिवा ठेवावा. छायापद्धतीने करावयाचे तर काचेच्या कडा शिक्षकाने स्वतः चिकटपट्टीने मढवाव्यात व वर पतंगाचा पांढरा कागद अंथरावा. काम चालू असताना मोबाईलवर फोन येणार नाही अशी व्यवस्था करावी. अनेक वर्गांची दुपार एका फोनने वाया गेली आहे.

चित्रकला चांगली असलेल्या चार मुलांवर सारे काम सोपविण्याचा मोह होतो, तो टाळावा. कापणारे, हलविणारे, हिशेब ठेवणारे, जागेची माहिती आणणारे, अशी कामे पुष्कळ आहेत. त्याहून मोठा मोह म्हणजे मुलाचे वाकडे चित्र शिक्षकाने स्वतः सरळ करणे. तसे केल्याने चित्र सुधारते आणि मूल त्या चित्रातून बाहेर पडते.

पाणवठ्यांवर अनेक गावी साती आसरांची स्थाने असतात. मुले त्यांचीच पात्रे सुचवितील. गावाच्या श्रद्धेचा विषय विनोदी पात्र करू नये, तसेच भुताखेतांची भीती वाढेल असेही काही घेऊ नये. आणखी एक धोका सहज नजरेआड होतो. विहिरीत एक गोड लेकरू राहते असे पाहिल्यावर पहिलीतील मूल कठड्यावरून वाकून पाहू लागेल. त्या शाळेतील शिक्षकांच्या ध्यानात ही गोष्ट अर्धे काम झाल्यावर आली. त्यांनी मुलांपुढे ती जशीच्या तशी मांडली. मुलांनी बदल सुचविला : गोष्टीतील मुलगी कधीही विहिरीत उतरत नाही; पायऱ्या उतरते ती आई; आणि घागरूच वर कठड्यापर्यंत येते. चूक कळल्यावर तिला परत पोचवावयास मुलगी आजीला बरोबर घेऊन जाते. त्यासाठी आजीची नवी आकृती करावी लागली व एक आठवडा वाढला.

चित्रकथा पुरी झाली ती एक मिनिट दहा सेकंदांची. ५६० छायाचित्रे लागली. घागरू कोरड्या तळाशी पोटातले पाणी ओतते व बारीक होऊन कोनाड्यात जाऊन बसते, तेथे ती संपते. शाळेच्या व्हरांड्यात पांढरे धोतर ताणून ती गावाला दाखविली. बायकांच्या बाजूने पहिला हशा आला तो पोच्याच्या प्रसंगाला.

आकृती, पोटाचे तीन तुकडे आणि मुखवट्याच्या वीराची ती पहिली एकतीस चित्रे एकाच मोठ्या पाकिटात घालून कपाटात ठेवली आहेत. पुढील वर्षीच्या वर्गाला पावसाळ्यातील घागरूची गोष्ट करावयाची होती. त्यासाठी देखावा नवा हवा होता. आषाढात मुले पुन्हा कठड्याबाहेर बसली, तेच गृहस्थ खाली उतरले, आणि वहीत नोंद झाली : पाणी वरून सातव्या पायरीला, कोनाडा बुडाला, पारवे पिंपळावर.